रेंज फुल, तरी स्पीड का पडतो? टॉवरच्या 'माइक टेस्टिंग'चा हिशोब

(आजच्या भागाचं लिखित रूप. बोलताना जी आकडेमोड भरभर निघून गेली ती इथे सावकाश मांडली आहे. भाषा मात्र बोलण्याचीच ठेवली आहे.)



५जीवर बोलायला लागल्यापासून सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न असा आहे: "फोनवर रेंज फुल दिसते, पण गाडी हायवेला लागली की स्पीड ढेपाळतो. असं का?" याची कारणं बरीच आहेत. टॉवर पटापट बदलावे लागतात, एखाद्या टॉवरवर गर्दी असते, गाडीचा पत्रा आणि काच सिग्नल खातात. पण एक कारण असं आहे ज्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही, आणि आजचा भाग त्याच्यावर आहे.

रेंजच्या त्या काड्या फक्त सिग्नल किती जोरात येतोय तेवढंच सांगतात. तुमच्यापर्यंत पोचायची वाट टॉवरला किती नीट माहीत आहे, हे त्या सांगत नाहीत. आणि ५जीच्या अनेक अँटेनांच्या टॉवरसाठी ती माहितीच सगळ्यात महत्त्वाची असते. ही माहिती मिळवण्याला चॅनल एस्टिमेशन म्हणतात. ती फुकट मिळत नाही. ती कमी खर्चात कशी मिळवायची, यावर गेली पंधरा-वीस वर्षं जगभर काम चाललंय. त्या सगळ्या कामाचं सार मी एका वाक्यात सांगेन आणि मग उरलेला भाग ते वाक्य उलगडण्यात घालवेन: जे आधीच माहीत आहे, ते पुन्हा विचारू नका.

६४ अँटेना नेमकं काय करतात?

भारतात ५जी १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं. त्याचा मुख्य पट्टा ३.३ ते ३.६७ गिगाहर्ट्झचा आहे. आपण सोयीसाठी ३.५ धरू. तिथे तरंगलांबी साधारण ८.६ सेंटीमीटर येते. या पट्ट्यातल्या टॉवरवर जो चपटा, जाडसर डबा दिसतो, त्याच्या आत अनेकदा ६४ स्वतंत्र ट्रान्समीटर-रिसीव्हर असतात. आज आपण सोप्या भाषेत त्यांना ६४ अँटेना म्हणू.

हे ६४ जण एकच सिग्नल पाठवतात, पण प्रत्येक जण थोडा पुढेमागे, म्हणजे वेगळ्या फेजने. कशासाठी? तर सगळ्या लाटा तुमच्या फोनपाशी पोचताना एका तालात याव्यात म्हणून. ढोलपथकात सगळ्यांचा ठोका एकत्र पडला की कसा घुमतो, तसंच. ताल जमला तर एकूण पॉवर तेवढीच ठेवूनही फोनला ६४ पट जास्त ताकद मिळते. ताल पूर्ण चुकला, फेज कसेही पडले, तर सरासरी एका अँटेनाएवढीच ताकद मिळते. म्हणजे ६४ अँटेनांचा सगळा फायदा त्या तालात आहे.

आणि ताल धरायचा तर प्रत्येक अँटेनापासून फोनपर्यंतच्या वाटेत लाटेचं काय होतं हे माहीत हवं. किती क्षीण होते, किती उशिरा पोचते, समोरच्या इमारतीवर आपटून आलेली दुसरी लाट तिच्यात कशी मिसळते. हाच तो चॅनल.

हॅलो, माइक टेस्टिंग

चॅनल मोजायची पद्धत तुम्ही प्रत्येक गणेशोत्सवात ऐकली आहे. कार्यक्रमाआधी साउंडवाला माइकवर म्हणतो, "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग, वन, टू, थ्री." या शब्दांत नवीन काहीच नसतं, आणि मुद्दा तोच आहे. काय बोललं गेलं हे आधीच माहीत असल्यामुळे, ऐकू आलेल्या आवाजात जो फरक पडला तो हॉलचा, हे लगेच कळतं.

वायरलेसमध्ये या ठरलेल्या शब्दांना पायलट सिग्नल म्हणतात. पाठवलेला पायलट माहीत आहे, मिळालेला मोजला, एकाला दुसऱ्याने भागलं की झाला चॅनलचा पहिला अंदाज. याला लीस्ट स्क्वेअर्स पद्धत म्हणतात. सोपी आहे, पण नॉइजसकट सगळं जसंच्या तसं गिळते.

अडचण अशी, की माइक टेस्टिंग चालू असताना गाणं वाजत नाही. पायलटला दिलेली प्रत्येक जागा डेटाकडून हिसकावलेली असते.

चौकटीची वही

हे आकड्यांत बघू. ४जीमध्ये, म्हणजे एलटीईमध्ये, वेळ आणि फ्रीक्वेन्सीची एक चौकटीची वही कल्पा. एका मिलिसेकंदात १२ उपवाहकांच्या पट्टीत १२ गुणिले १४, म्हणजे १६८ चौकटी असतात. टॉवर एका अँटेनाचा असेल तर कायम चालू असणारे पायलट ८ चौकटी खातात. दोन अँटेनांना १६. चार अँटेनांना २४, म्हणजे वहीचा बरोबर सातवा हिस्सा, डेटाचा एक बिट पाठवायच्या आधीच गेला.

आता हाच हिशोब ६४ अँटेनांपर्यंत ताणा. प्रत्येकी चारच चौकटी धरल्या तरी २५६ होतात. वहीच १६८ ची आहे! एलटीईचे हे पायलट चार अँटेनांवरच थांबले ते उगाच नाही.

मग किती चौकटींत एकदा विचारलं तर पुरतं? चॅनल जोवर बदलत नाही तोवर. फोन पाव तरंगलांबी सरकला की अंदाज जुना झाला असं धरायची एक प्रथा आहे. आपल्या पट्ट्यात पाव तरंगलांबी म्हणजे २.१ सेंटीमीटर. गाडी ताशी १०० किलोमीटरने चालली असेल तर हे अंतर ०.७७ मिलिसेकंदात कापलं जातं. चालणाऱ्या माणसाला, ताशी ५ किलोमीटरने, वीस पट वेळ मिळतो, म्हणजे साधारण १५ मिलिसेकंद.

फ्रीक्वेन्सीच्या बाजूनेही असंच आहे. सरळ आलेली लाट आणि सगळ्यात लांबून आपटून आलेली लाट यांच्यात ६०० मीटरचा फरक धरा. म्हणजे २ मायक्रोसेकंदांचा उशीर, आणि त्यावरून साधारण ५०० किलोहर्ट्झपर्यंत चॅनल सारखाच मानता येतो.

दोन्हींचा गुणाकार करा. गाडीतल्या फोनसाठी सुमारे ३८५ चौकटी, पायी चालणाऱ्यासाठी सुमारे ७,७००. या चौकटींत पायलट आणि डेटा दोन्ही बसवायचे. टॉवरच्या ६४ अँटेनांनी एकेक पायलट पाठवला, तर चालणाऱ्याचा एक टक्काही जात नाही. गाडीतल्याचा जवळजवळ १७ टक्के जातो. अँटेना १२८ केल्या तर त्याच गाडीतल्याचा एक तृतीयांश जातो. अँटेना वाढवल्या की सगळ्यांचा फायदा होतो असं जाहिरातीत वाटतं. फायद्याची किंमत मात्र जो हलतोय तो सगळ्यात जास्त मोजतो.

पहिली बचत: प्रश्न कोणी विचारायचा?

यातून बाहेर पडायची सगळ्यात मोठी युक्ती गणिताची कमी आणि शहाणपणाची जास्त आहे. हवेतली वाट दोन्ही दिशांनी सारखीच असते. टॉवरकडून फोनकडे जाताना लाटेला जे होतं, तेच फोनकडून टॉवरकडे येताना होतं, फक्त फ्रीक्वेन्सी तीच हवी आणि वेळही जवळपास तीच हवी. ३.५ गिगाहर्ट्झचा आपला पट्टा टीडीडी पद्धतीचा आहे, म्हणजे जाणं-येणं एकाच फ्रीक्वेन्सीवर, आळीपाळीने.

मग ६४ जणांनी बोलून एका फोनने ऐकण्यापेक्षा एका फोनने बोलावं आणि ६४ जणांनी एकदम ऐकावं. एका पायलटमध्ये चौसष्टच्या चौसष्ट वाटा कळल्या. आता खर्च फोनच्या संख्येवर ठरतो, टॉवरच्या अँटेनांवर नाही. आठ फोन, आठ पायलट, गाडीच्या हिशोबातही दोन टक्के. उद्या टॉवरवर २५६ अँटेना लावा, आकडा तोच राहतो. बेल लॅब्जच्या थॉमस मार्झेटा यांनी २०१० च्या पेपरात अँटेनांची संख्या अमर्याद वाढवण्याचा विचार मांडला, तो याच पायावर. आज ज्याला मॅसिव्ह मिमो म्हणतात त्याची सुरुवात तिथली.

अर्थात खाचखळगे आहेतच. हवा दोन्हीकडून सारखी असली तरी टॉवरमधली पाठवायची आणि ऐकायची सर्किट्स वेगळी असतात. त्यांच्यातला फरक मोजून वजा करावा लागतो, याला कॅलिब्रेशन म्हणतात. दुसरं, बऱ्याच फोनना ऐकायला चार अँटेना असतात पण पाठवायला एक किंवा दोनच साखळ्या. त्यामुळे फोन आळीपाळीने एकेका अँटेनावरून पायलट सोडतो, आणि आठाचे बत्तीस पायलट होऊ शकतात. तिसरं, फोनची पॉवर साधारण ०.२ वॅट. टॉवरपासून लांब असलेल्याचा पायलट नॉइजमध्ये बुडतो. म्हणजे ज्याला त्या ६४ पट ताकदीची सगळ्यात जास्त गरज, त्याचाच चॅनल सगळ्यात वाईट मोजला जातो.

आणखी एक छोटी पण देखणी बचत. टॉवरने एकदा ताल बसवला की फोनला ६४ वाटा वेगवेगळ्या कळायची गरज उरत नाही. दोन डेटा-प्रवाह येत असतील तर दोनच पायलट, तेही डेटाच्याच तालात बसवून पाठवायचे. फोन त्या ६४ जणांकडे 'दोन अँटेना' म्हणूनच बघतो. ५जीमध्ये एलटीईसारखे कायम चालू पायलट काढून टाकले आणि हे गरजेपुरते पायलट ठेवले.

शेजारच्या टॉवरचा आवाज

पायलट मोजकेच असतात, त्यामुळे शेजारच्या टॉवरचे फोनही तेच पायलट वापरतात. दोन मांडवांत एकाच वेळी "वन, टू, थ्री" चाललं तर कुठल्या आवाजावरून कुठला मांडव मोजायचा? टॉवर आपल्या फोनचा चॅनल मोजतो, पण त्यात शेजारच्या फोनचाही मिसळलेला असतो. मग त्या अंदाजावर बसवलेला ताल शेजारच्याच्याही अंगावर जातो. याला पायलट कंटॅमिनेशन, म्हणजे पायलटमधली भेसळ म्हणतात.

मार्झेटांच्या पेपरातला सगळ्यात अस्वस्थ करणारा निष्कर्ष हाच होता. अँटेना वाढवत नेल्या की नॉइज जातो, बाकीचा गोंधळ जातो, पण ही भेसळ काही जात नाही. पुढे २०१८ मध्ये ब्यॉर्नसन, हॉयडिस आणि सँग्विनेट्टी यांनी दाखवलं, की दोन फोनच्या चॅनलची सांख्यिकी पुरेशी वेगळी असेल आणि अंदाज बांधताना ती वापरली, तर ही भिंतसुद्धा ओलांडता येते. पायलट तेवढेच, अँटेना तेवढ्याच. फरक फक्त आधीची माहिती वापरण्याचा. इथून आपण दुसऱ्या बचतीकडे येतो.

दुसरी बचत: उत्तर थोडंफार आधीच माहीत असतं

५जीच्या १०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ३० किलोहर्ट्झ अंतरावरचे ३,२७६ उपवाहक असतात. वरवर बघितलं तर प्रत्येक अँटेनासाठी ३,२७६ अज्ञात संख्या. पण प्रतिध्वनी फार उशिरा येत नाहीत. प्रत्येक सिम्बॉलच्या आधी जी राखीव जागा सोडलेली असते ती २.३४ मायक्रोसेकंदांची. प्रतिध्वनी त्याच्या आत संपतील असंच सगळं डिझाइन आहे. या एका गोष्टीमुळे खऱ्या अज्ञात संख्या जास्तीत जास्त २३० च्या आसपास उरतात. उरलेल्या तीन हजार संख्या त्यांच्यावरूनच ठरतात.

म्हणून करायचं काय, तर भागाकाराने आलेला कच्चा अंदाज फूरिये रूपांतराने उशिराच्या अक्षावर न्यायचा. तिथे सुरुवातीच्या थोड्या जागेत चॅनल असतो आणि पुढे सगळा नॉइज. पुढचं पुसून टाकायचं आणि परत यायचं. नॉइज साधारण चौदा पटींनी कमी होतो, एकही जादा पायलट न पाठवता! कोडमध्ये या तीन-चार ओळी आहेत. मी या विषयात पहिल्यांदा अडकलो ते ह्याच तीन-चार ओळींमुळे.

याच विचाराची पक्की आवृत्ती म्हणजे एमएमएसई पद्धत. कुठल्या दिशेने, किती उशिराने सिग्नल येण्याची शक्यता जास्त आहे याची सांख्यिकी धरून ती प्रत्येक भागाला वजन देते. जिथून काही यायची शक्यता नाही तिथे जे काही दिसलं तो नॉइज मानायचा. पण इथे बिल दुसऱ्या खिशातून जातं. यात मॅट्रिक्सचा व्यस्त काढावा लागतो, आणि अँटेना चौपट केल्या की ते काम ६४ पट वाढतं. ५जीच्या या पट्ट्यात एक स्लॉट अर्ध्या मिलिसेकंदाचा. तेवढ्यात सगळं उरकायचं. पायलट वाचवून प्रोसेसर आणि वीज जाळली तर त्याला कार्यक्षमता म्हणायचं का, हा प्रश्न आम्हा कोड लिहिणाऱ्यांच्या वाट्याला येतो.

दिशांच्या बाबतीतही तेच. लाटा सगळीकडून सारख्या येत नाहीत, थोड्या ठरावीक दिशांनी येतात. आणि अँटेनांच्या ओळीवरून दिशा काढायची एक गाजलेली पद्धत, एस्प्रिट, ऐंशीच्या दशकात स्टॅनफर्डमध्ये तयार झाली. ती मांडणाऱ्यांपैकी थॉमस कैलाथ हे पुण्यात जन्मलेले, पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून १९५६ ला पदवी घेतलेले. दुसरे आरोग्यस्वामी पॉलराज, भारतीय नौदलात सोनारवर काम केलेले. या दोघांनीच १९९२ मध्ये अनेक अँटेनांच्या कल्पनेचं पेटंट दाखल केलं. पाण्याखालचा आवाज कुठून आला आणि रेडिओची लाट कुठून आली, गणित एकाच घराण्यातलं.

२००६ च्या सुमारास डोनोहो, कँडेस, रॉम्बर्ग आणि टाओ यांच्या कामातून कंप्रेस्ड सेन्सिंग पुढे आलं. त्याचा मथितार्थ असा, की उत्तरात मोजक्याच गोष्टी शून्य नसतील, तर प्रश्नही मोजकेच पुरतात. २६ गिगाहर्ट्झसारख्या पट्ट्यात हे छान लागू पडतं, कारण तिथे खरंच दोन-चारच वाटा उरतात. पण ३.५ गिगाहर्ट्झला दाट वस्तीत लाट इतक्या ठिकाणी आपटते, की 'मोजक्या वाटा' हे गृहीतक डळमळतं. शिवाय खरी दिशा आपल्या गणिताच्या खाचेत नेमकी बसत नाही, दोन खाचांच्या मध्ये पडते, आणि एका वाटेच्या पाच दिसायला लागतात. पेपरमधले आलेख बघताना हे गृहीतक कुठे धरलंय ते जरूर शोधा.

जाणं-येणं वेगळ्या पट्ट्यांवर असेल तर?

७०० मेगाहर्ट्झसारख्या खालच्या पट्ट्यांत एफडीडी चालतं, म्हणजे जायची आणि यायची फ्रीक्वेन्सी वेगळी. तिथे 'वाट दोन्हीकडून सारखी' हा फायदा जातो. टॉवरला पायलट पाठवावे लागतात आणि फोनला उत्तर परत कळवावं लागतं. सगळी मॅट्रिक्स परत पाठवणं परवडत नाही, म्हणून दोघांकडे एकच कोडबुक असतं. ५जीच्या टाइप-२ कोडबुकात फोन सांगतो, "अमुक दोन ते चार दिशा घे, त्यांना अशी अशी वजनं दे." थ्रीजीपीपीच्या रिलीज १६ मध्ये हेच फ्रीक्वेन्सीच्या अक्षावरही आवळलं. उशिराच्या अक्षावरची आपली मघाचीच युक्ती, निराळ्या कपड्यांत.

शिळा अंदाज

आता परत गाडीकडे. समजा फोन दर १० मिलिसेकंदांनी पायलट पाठवतोय. ताशी १०० किलोमीटरने तेवढ्यात गाडी २८ सेंटीमीटर पुढे गेली, म्हणजे तीनपेक्षा जास्त तरंगलांबी. आपली मर्यादा होती पाव. टॉवरचा अंदाज मोजला तेव्हा उत्तम होता, वापरायच्या वेळेपर्यंत शिळा झाला. सिग्नल जोरात, काड्या फुल, पण ताल हुकलेला.

उपाय दोन. एक, जास्त वेळा विचारा, म्हणजे पुन्हा खर्च. दोन, पुढचा अंदाज बांधा. गाडीची दिशा, वेग आणि मुख्य वाटा क्षणात बदलत नाहीत. बदलतो तो प्रत्येक वाटेचा फेज, आणि तो बऱ्यापैकी ठरलेल्या गतीने फिरतो. तेवढी गती धरता आली तर काल्मन फिल्टरसारख्या जुन्या, भरवशाच्या साधनाने काही मिलिसेकंद पुढचं सांगता येतं. वाटा जितक्या जास्त आणि नॉइज जितका जास्त, तितकं हे लवकर कोलमडतं.

आणि एआय?

हा प्रश्न येणारच होता. २०१८ मध्ये सीएसआयनेट नावाच्या न्यूरल नेटवर्कने फोनकडून टॉवरकडे जाणारं उत्तर आवळून दाखवलं आणि लाटच आली. थ्रीजीपीपीने रिलीज १८ मध्ये याचा रीतसर अभ्यास केला. कल्पना दमदार आहे, कारण नेटवर्क त्या जागेची रचना स्वतःच शिकतं. पण 'त्या जागेची' हे शब्द अधोरेखित करा. एका शहराच्या डेटावर शिकलेलं मॉडेल घाटात काय करेल? आणि आवळणारा अर्धा भाग फोनमध्ये, उलगडणारा अर्धा टॉवरमध्ये, दोघांचे उत्पादक वेगळे. दोन अर्धी मॉडेल एकमेकांना कशी कळणार? माझ्या मते खरी अडचण अचूकतेपेक्षा इथे जास्त आहे.

पुढचा पेपर किंवा जाहिरात वाचताना

तीन प्रश्न सोबत ठेवा.

एक: बचत नेमकी कशाची झाली? पायलट वाचले, की पायलट वाचवून प्रोसेसर, बॅटरी किंवा परत पाठवायचा डेटा वाढला?

दोन: यश कशात मोजलंय? अंदाजातली चूक कमी झाली हे चांगलंच, पण लोकांना अंदाज नको असतो, डेटा हवा असतो. पायलटची जागा वजा करून उरलेल्या चौकटींत किती बिट गेले, तो खरा आकडा. थोडा कच्चा पण स्वस्त अंदाज कित्येकदा इथे जिंकतो.

तीन: मोजताना फोन कुठे होता? टॉवरजवळ स्थिर उभा असलेला फोन कुठल्याही पद्धतीला गोड दिसवतो. पद्धतीची परीक्षा टॉवरपासून लांबच्या, चालत्या फोनवर होते. एसटीत बसून ऑनलाइन फॉर्म भरणारा माणूस तोच असतो.

पुढच्या भागात कॅलिब्रेशन, म्हणजे टॉवर स्वतःच्या अँटेना स्वतःच कशा तपासतो ते बघू. प्रश्न पाठवत राहा, आकड्यांसकट पाठवलेत तर आणखी मजा येईल. भेटू!